उजेड आधी

१

रंगारी रोज सकाळी सातला कामाच्या खोलीत जायचा. आधी खिडकी उघडायची, मग काल मारलेला रंग वाळला का ते बघायचं. करंगळीच्या नखाची पाठ रंगाला टेकवायची. नख अलगद सुटलं तर वाळला, अडकलं तर अजून ओला. साठ वर्षं हाच शिरस्ता. जगाचं काही का होईना, रंगारी आधी नख टेकवणार, मग चहा घेणार.

खोलीच्या एका भिंतीला लाकडी मांडणी होती. तिच्यावर गिऱ्हाइकाची एकही वस्तू नाही. आईची सुईदोऱ्याची डबी, बायकोची दागिन्यांची पेटी, मुलाचं लहानपणीचं स्टूल, सुनेचा ट्रे, नातवंडांच्या पेन्सिलींचे डबे. घरात आलेल्या प्रत्येक माणसासाठी त्यानं एकेक वस्तू वेलबुट्टीनं रंगवली होती. गिऱ्हाइकाचं काम पोटासाठी, हे घरासाठी, असं तो म्हणायचा. मांडणीवरची धूळसुद्धा तो स्वतः पुसायचा. एकदा सुनेनं ओलं फडकं फिरवलं होतं, तर दोन दिवस घरात कोणाला गोड बोलणं ऐकायला मिळालं नाही.

थोरल्या मुलीची वस्तू तेवढी मांडणीवर नव्हती. ती का नाही, हे घरात कोणी विचारत नसे.

त्या सोमवारी खोलीच्या मधोमध पाळणा ठेवलेला होता. लाकडाचा, चार फळ्यांचा, माळ्यावरून काढलेला. वर जुना तपकिरी रंग होता. तो त्यानं शनिवारी कागदानं घासून गुळगुळीत केला, आणि रविवारी त्यावर दुधी रंगाचे दोन हात मारले. आता नख टेकवायचं आणि चित्राला लागायचं.

नख सुटलं. रंग खडखडीत वाळला होता. पण डोक्याकडच्या फळीवर, वरच्या कोपऱ्यात, एक फटकारा होता. पांढरा, भाताच्या दाण्याएवढा, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला केसासारखा बारीक.

"सूनबाई!"

सून पिठाचे हात घेऊनच आली. "काय झालं?"

"या खोलीत कोण आलं होतं?"

"कोण येणार आबा? वाघाच्या गुहेत कोणी जातं का सुट्टीला?"

"जिभेला हाड नाही तुझ्या. हे काय आहे?"

तिनं वाकून पाहिलं. "रंग उडाला असेल तुमचाच."

"माझा रंग उडत नाही. मी काय भिंतीला चुना मारतो?"

"मग मला काय विचारता? मला सरळ रेघ ओढता येत नाही, तुम्हीच चार माणसांत सांगता." असं म्हणून ती गेली.

आणि ते खरं होतं. तसा फटकारा मारणं सुनेच्या बापालाही जमलं नसतं. कुंचला टेकवायचा, दाबायचा, आणि उचलता उचलता वळवायचा. शिकायला दोन वर्षं लागतात. त्यानं आयुष्यात तो फक्त एका माणसाला शिकवला होता.

त्यानं दुधी रंग घेतला आणि दाणा बुजवून टाकला.

२

पाळणा नातीला द्यायचा होता, येत्या रविवारी.

नात म्हणजे थोरलीची मुलगी. लहानपणी पेन्सिलींची टोकं कुरतडायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती, लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, आणि महिन्याभरात तिला मूल होणार होतं. तिनंच सांगितलं होतं, "आबा, मला विकतचा पाळणा नको. माळ्यावर माझा आहे ना, तोच द्या. पण तुमच्या हाताची वेल काढून."

तो नाही म्हणू शकला नाही. खारूला तो कधीच नाही म्हणू शकला नव्हता. तिचा बाप ती पोटात असतानाच निघून गेला, आणि ती दहा दिवसांची असताना आई गेली. रंगाऱ्यानं आणि त्याच्या बायकोनं तिला वाढवलं. बायको गेल्यावर त्यानं एकट्यानं वाढवलं. मुलगा-सून त्याच्याशी कामापुरतं बोलत. खारू तेवढी त्याच्या अंगाखांद्यावर खेळली होती. म्हातारपणी त्याच्याकडे कोणी प्रेमानं बघत असेल तर ती एकटीच.

तिनं त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली होती. पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी, लग्नाच्या आदल्या दिवशी.

"आबा, आईची एखादी तरी वस्तू आहे का हो? तिच्या हातची?"

दर वेळी त्यानं सांगितलं होतं, "नाही. तिनं काही ठेवलं नाही."

ते खोटं होतं. थोरलीनं पोटुशी असताना हाच पाळणा रंगवला होता. चारही फळ्यांवर वेल, वेलीत फुलं, फुलांच्या आत फुलं. रंगाऱ्यानं तिला सांगितलं होतं, असं काम माझ्या घरात चालणार नाही. तिनं ऐकलं नाही. बाप-लेकीत दोन महिने बोलणं बंद होतं. मग ती गेली. तिला स्मशानात पोचवून तो घरी आला, पाय धुतले, कामाच्या खोलीत शिरला आणि कडी लावली. काचेच्या तुकड्यानं त्यानं पाळणा खरवडला. चारही फळ्या, कोरं लाकूड दिसेपर्यंत. हातांतून रक्त आलं तरी थांबला नाही. वर तपकिरी रंगाचे तीन हात मारले आणि पाळणा माळ्यावर टाकला. बायकोला म्हणाला, "वाळवी लागली होती."

त्या दिवशी तो रडला नव्हता. त्याला राग आला होता, आणि राग ठेवायला दुसरी जागा सापडली नव्हती.

हे खारूला कळलं असतं तर तिनं पुन्हा त्याचं तोंड बघितलं नसतं. हे त्याला पक्कं माहीत होतं, कारण खारूचा राग त्याच्याकडूनच आलेला होता.

३

मंगळवारी फळीवर पाच दाणे होते.

कालचा बुजवलेला पुन्हा तिथंच, आणि त्याच्या खाली एका वाकड्या ओळीत चार नवे. रंगाऱ्यानं खिडकीची कडी तपासली. दाराला कुलूप नसायचं, पण दार कुरकुरायचं आणि त्याची झोप मांजरीची. कोणी आलं नव्हतं.

त्यानं दाण्यावर नखाची पाठ फिरवली. फटकारा वरून मारलेला असेल तर रंगाला उंची असते; नख ठेचकाळतं. इथं नख तेलावरून जावं तसं घसरलं. दाणे रंगावर नव्हते, रंगाखाली होते. त्यानं कालच मारलेला दुधी हात अखंड होता, आणि दाणे त्याच्या पलीकडून दिसत होते, पाण्याखालच्या गारगोट्या दिसाव्यात तसे.

तो स्टुलावर बसला आणि स्वतःशी हिशेबानं विचार करू लागला. अठ्ठ्याहत्तर वय. परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला. मग आपणच रविवारी पहिल्या आणि दुसऱ्या हाताच्या मधे फटकारे मारले असतील का? हात सवयीनं चालतो. असं होऊ शकतं. पण मग सोमवारी एकच का दिसला?

त्यानं पुन्हा रंग मारला, या वेळी दाट. दुपारी जेवला नाही. सून दाराशी ताट ठेवून गेली, ते तसंच राहिलं.

बुधवारी अर्धी फळी भरली होती. सगळे पांढरे फटकारे. त्यात पान नव्हतं, देठ नव्हता, फूल नव्हतं. नुसत्या पानांच्या कडांवरच्या चमका, फुलांच्या ओठांवरचा उजेड. ज्याला या कामातलं कळत नाही त्याला ते पांढरे ठिपकेच वाटले असते. रंगाऱ्याला वेल पूर्ण दिसत होती.

त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

वेल कशी काढायची, याला क्रम असतो. आधी पानाचा हिरवा. मग त्यावर सावली. मग शिरा. आणि सगळ्यांत शेवटी, सगळं वाळल्यावर, पांढऱ्याचा एक फटकारा, की पान जिवंत होतं. उजेड शेवटी. हे त्याला त्याच्या गुरूनं कान पिळून शिकवलं होतं, आणि त्यानं थोरलीला. पण ती कार्टी पहिल्यापासून उलटी. आठ वर्षांची असल्यापासून कोऱ्या फळीवर आधी पांढरे फटकारे मारायची.

"अगं, आधी पान तर काढ! उजेड कशावर पडणार?"

"पान आहे ना आबा. तुम्हाला दिसत नाही, पण आहे."

मग ती त्या फटकाऱ्यांच्या खालून, कडेकडेनं रंग भरत जायची. काम निम्म्या वेळात व्हायला हवं तिथं दुप्पट वेळ लागायचा. आणि झाल्यावर गिऱ्हाईक तिचंच काम उचलून बघायचं. तेही त्याला आठवलं, आणि शीर आणखी उडली.

त्यानं पाळण्याला लाथ मारली. पाळणा हलला आणि बराच वेळ हलत राहिला.

४

गुरुवारी त्यानं शेजारच्या सुताराला बोलावलं. पाळणा सुतारानंच केलेला होता. दोघं एका वयाचे, पन्नास वर्षं एकमेकांना शिव्या देत आलेले. सुताराला डाव्या कानानं ऐकू येत नसे. त्यामुळे रंगारी नको ते त्याच्या डाव्या बाजूला बोलायचा.

"कधी नव्हे ते बोलावणं? मरायला टेकलास काय?" सुतार आत येत म्हणाला.

"तुला पोचवल्याशिवाय नाही. हे बघ."

सुतार पाळण्यासमोर उकिडवा बसला. आता पांढऱ्यांच्या कडेनं गुलाबी आणि पिवळा उतरला होता. दोन फळ्या भरल्या होत्या आणि तिसरी सुरू झाली होती.

"छान आहे की. हात सुधारला तुझा म्हातारपणी."

"मी केलेलं नाही."

"मग कोणी?"

"तेच विचारतोय, बहिऱ्या!"

सुतारानं फळी ठोकली, वास घेतला, बोटानं घासली. "रंगाखाली आहे हे. अरे, जुना रंग वर येतो. वरचा पातळ होत जातो आणि खालचं डोकं काढतं. माझ्याकडे जुनी दारं येतात ना, तसंच. तुझ्या थोरलीनं रंगवला होता की हा. मी बघितलाय तेव्हा. तेच वर येतंय."

"खाली काही नाही."

"का नाही?"

"मी खरवडला होता," रंगारी म्हणाला. तो सुताराच्या डाव्या बाजूला उभा होता. पण खोली लहान होती आणि सुताराचा उजवा कान शाबूत होता.

सुतार हळूच उठला. गुडघे वाजले. "कधी?"

"ती गेली त्या दिवशी."

"पोरीला सांगितलंस? खारूला?"

"नाही."

"लेका, दगड तरी बरा." सुतारानं खांद्यावरचं फडकं झटकलं. "सांगून टाक तिला. रविवारी येतेय ना?"

"तू मला शिकवू नकोस. तुला लाकडातलं विचारलं, तेवढं सांग. कोऱ्या लाकडातून रंग वर येतो का?"

"नाही येत." सुतार पुन्हा फळीकडे बघत राहिला. मग त्याची नजर भिंतीवरच्या काचेच्या चित्राकडे गेली. मोर होता, काचेच्या मागच्या बाजूनं रंगवलेला. रंगाऱ्यानं तरुणपणी अशी पुष्कळ केली होती. "हे तसलं दिसतंय बघ. त्या मोरासारखं. रंगाला बोट लागत नाही. ते कसं करायचास रे तू?"

"काच उलटी धरायची आणि मागून रंगवायचं. मागून रंगवलं की जे पहिलं मारशील ते बघणाऱ्याला सगळ्यांत वर दिसतं. म्हणून डोळ्यातला ठिपका पहिला. मग डोळा. मग चेहरा. उजेड आधी आणि..."

त्याची नजर पाळण्याकडे वळली.

"आणि काय?" सुतारानं विचारलं.

"नीघ तू," रंगारी म्हणाला. "मला काम आहे."

"अरे पण..."

"नीघ म्हणतो ना!"

५

शुक्रवारी त्यानं जाळायचा दिवा काढला. रंग जाळून सोलायचा, पितळी, पंपाचा. बारा वर्षं पेटवला नव्हता. पेटला.

एकेक फळी त्यानं जाळली आणि पात्यानं सोलली. दुधी गेला, तपकिरी गेला. रंगाचे जळके फुगे जमिनीवर पडत होते. सून दाराबाहेरून ओरडत होती, "आबा, घर पेटवाल! आबा!" तिला उत्तर देण्याइतका श्वास त्याच्याकडे नव्हता. मेल्यावरही हिचं तेच. मेल्यावरही उलटं. बापाची एक गोष्ट ऐकायची नाही म्हणजे नाही.

लाकूड उघडं पडलं. आणि लाकडावर वेल होती.

रंगावर तर नाहीच, आता रंगाखालीही म्हणता येत नव्हतं. तो पात्यानं लाकूड तासू लागला. भुसा निघत होता, कोरा, पिवळा, त्यात रंगाचा कण नाही. आणि भुसा झटकला की पान तिथंच. सूतभरही हललेलं नाही.

त्यानं पाळण्याच्या आत हात घातला. आतून फळी चाचपली, मग डोकं घालून बघितली. आतली बाजू कोरी होती. सुताराच्या रंध्याच्या खुणासुद्धा दिसत होत्या. म्हणजे बोटभर जाडीच्या फळीला एक बाहेरची बाजू होती आणि एक आतली, आणि कोणी ज्या बाजूनं रंगवत होतं ती या दोन्हींपैकी नव्हती.

असं नसतं. हे तो मोठ्यानं म्हणाला. "असं नसतं."

दिवा विझवल्यावर खोलीत शांत झालं. तेव्हा त्याला आवाज आला. आधी वाटलं, तापलेलं लाकूड निवताना करकरतंय. मग त्यानं फळीला कान लावला.

मऊ केसांचा कुंचला लाकडावरून ओढल्याचा आवाज. बाहेरच्या माणसाला तो ऐकूही येत नाही. रंगाऱ्याला झोपेतही ओळखू आला असता. ओढ, थांब, ओढ. मग कुंचला पाण्यात खळबळल्याचा. मग भांड्याच्या काठावर दोनदा टिचक्या.

त्यानं कान काढला नाही. चांगला पाऊण तास तसाच बसून राहिला, गुडघे जमिनीवर, गाल फळीला. काम करणाऱ्याला घाई नव्हती. आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. हात शिकाऊ नव्हता. थोरली गेली तेव्हा तिचा हात चांगला होता, पण थोडा अडखळायचा. लांब ओढीत मधे एक श्वास घ्यायचा. हा अडखळत नव्हता. हा हात तेव्हापासून रोज काम करत आलेला होता.

६

शनिवारी दुपारी बारा वाजता, खिडकीतून लख्ख ऊन पाळण्यावर पडलेलं असताना, रंगाऱ्यानं पलीकडे बघितलं.

वेल पुरी झाली होती. पानं, सावल्या, शिरा, सगळं. राहिली होती ती फक्त पानांमधली मोकळी जागा. मागून रंगवणारा तिथं सगळ्यांत शेवटी जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा रंग भरतो. तोपर्यंत तिथून आरपार दिसतं.

सकाळी त्या जागी लाकूड होतं. दहा वाजता ते तेल प्यालेल्या कागदासारखं झालं. बारा वाजता तिथं काही नव्हतं.

त्यानं चष्मा पुसला आणि दोन पानांमधल्या फटीला डोळा लावला.

पलीकडे खोली होती. त्याच्यासारखीच, पण खिडकी उलट्या हाताला. मांडणी होती आणि ती गच्च भरलेली होती: पेट्या, डबे, स्टुलं, ट्रे, एकावर एक, छतापर्यंत. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या. तिथं कितीतरी माणसांच्या वस्तू होत्या. इतकी माणसं त्याच्या घरात कधी झालीच नव्हती.

मग फटीसमोरून एक हात गेला. मनगटाला हिरवा लागलेला. अंगठ्याजवळ जुनी खूण, लहानपणी पात्यानं कापल्याची. त्यानंच फडकं बांधलं होतं. पण कातडी सुरकुतलेली, शिरा वर आलेल्या. सव्विसाव्या वर्षी गेलेल्या पोरीचा हात चौपन्न वर्षांचा झाला होता.

"ए," रंगारी म्हणाला. "ए पोरी."

हात थांबला नाही. मग ती वाकली, आणि फटीत डोळा आला. त्याच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर. पापणीवर रंगाचा बारीक शिंतोडा होता. डोळा स्थिर होता, निवांत होता, आणि तो रंगाऱ्याकडे बघत नव्हता. तो पानाची कड बघत होता. कड नीट उतरली की नाही, तेवढंच.

"माझ्याकडे बघ!" तो ओरडला. त्यानं मुठीनं फळी ठोकली. "बाप आहे मी तुझा! माझ्याकडे बघ!"

डोळा मागे गेला. थोड्या वेळानं वरच्या कोपऱ्यातून गडद निळा रंग उतरू लागला, सपाट, शांत, एकेक फट बुजवत. त्यानं कधीच न वापरलेला निळा. तो एका फटीवरून दुसरीवर डोळा नेत राहिला, शेवटची बुजेपर्यंत. शेवटच्या फटीतून त्याला दिसलं ते एवढंच, की ती कामावरून उठली आणि मांडणीकडे गेली. तिथून तिनं दुसरी वस्तू उचलली. छोटी होती, तिच्या ओंजळीत मावत होती. कोणाची, ते दिसलं नाही.

७

खारू रविवारी दहाला आली. मोठं पोट सांभाळत, दारातूनच ओरडत, "आबा, तयार आहे का माझा रथ?"

मग ती खोलीत आली. स्टूल ओढून बसली. निळ्यावर वेल होती, चारही फळ्यांवर, एकीवरून दुसरीवर कोपरे ओलांडत गेलेली.

रंगारी खिडकीशी उभा होता. रात्रभर त्यानं एकच ठरवलं होतं: काही बोलायचं नाही. पोरगी आनंदात येईल, आनंदात जाईल. झालं गेलं पोटात ठेवायचं आणि मरायचं.

"हे तुम्ही केलंत?"

"मग काय त्या बहिऱ्यानं?"

"तुमच्या वेली मला पाठ आहेत आबा. शाळेत जाणाऱ्या पोरांसारख्या रांगेत चालतात." तिनं पानावर बोट ठेवलं. "ही पळतेय."

"म्हातारपणी हात सैल होतो."

"हो का?" ती हसली, पण डोळे त्याच्यावरच होते. "मग पक्षी कुठाय?"

त्याच्या प्रत्येक कामावर खाली उजव्या कोपऱ्यात एक काळा पक्षी असायचा, तांदळाएवढा. पक्षी काढला की काम त्याचं. ज्याला सही येत नाही त्यानं दुसरं काय काढायचं?

"राहिला."

"मग काढा ना. माझ्यासमोर काढा. लहानपणी बघायचे तसा."

त्यानं सगळ्यांत बारीक कुंचला घेतला. काळ्यात बुडवला, टोक केलं, पाळण्यासमोर बसला. माझं घर, माझा पाळणा, माझी नात, असं त्याच्या मनात तापलेल्या सळीसारखं चाललं होतं. त्यानं टोक फळीला टेकवलं.

आणि उचलायला गेला, तर उचलेना.

त्याला वाटलं, रंग चिकट झालाय. त्यानं जरा ओढलं. मग पलीकडून कोणीतरी ओढलं.

जोरात नाही. माणूस आपली वस्तू दुसऱ्याच्या हातातून घेतो, तेवढंच. कुंचल्याचे केस फळीत गेले. मग केसांवरचा पत्रा. रंगाऱ्यानं दांडी मुठीत आवळली आणि दात खाल्ले.

"सोड."

"आबा?"

"सोड म्हणतो ना!"

"आबा, कोणाला सांगताय?"

त्याच्या कपाळावर घाम आला होता. पाय जमिनीला रोवले होते. दांडी बोटाबोटानं आत चालली होती, आणि आता फळीचा गारवा त्याच्या नखांना लागत होता. पलीकडे काय आहे ते त्याला माहीत होतं. ते या पोरीला माहीत नव्हतं.

"कोणाला, आबा?"

"तुझ्या आईला!" तो ओरडला.

बाहेर सुनेच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"पाळणा तिचा आहे," तो म्हणाला. शब्द दगड फोडावेत तसे निघत होते. "तिनं तुझ्यासाठी रंगवला होता. मी खरवडला. ती गेली त्याच दिवशी. तिनं काही ठेवलं नाही असं मी तुला सांगत आलो. ते खोटं."

खारू रडली नाही. तिचा चेहरा मानेपासून लाल होत गेला, आणि रंगाऱ्याला आरशात बघितल्यासारखं झालं.

"किती वेळा विचारलं मी तुम्हाला," ती म्हणाली. आवाज बारीक होता आणि त्याला धार होती. "किती वेळा विचारलं?"

"खूप वेळा."

"आणि आत्तासुद्धा तुम्ही पक्षी काढायला बसलात."

मुठीतली दांडी ओढत होती. मूठ सैल करायची असते हे त्याला कळत होतं. कशी करतात ते कळत नव्हतं.

खारू उठली. एक हात पोटाखाली धरून त्याच्या शेजारी खाली बसली आणि दुसऱ्या हाताचा तळवा निळ्यावर ठेवला, जिथं कुंचला फळीत शिरला होता त्याच्या अगदी जवळ. डोळे मिटले. बराच वेळ ती काहीतरी ऐकत असल्यासारखी राहिली.

मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ती सोडणार नाही. तुम्ही सोडा."

रंगाऱ्यानं एकेक करून बोटं उघडली.

कुंचला खाली पडला नाही.